समुद्र वगळून रत्नागिरी

आमच्या घरमालकांना, म्हणजे चाचांना, चाळीस माणसांपेक्षा कमी माणसांचा स्वयंपाक करता येत नसे. त्यांची अर्धी उमर आगबोटीवर भंडारी म्हणून, म्हणजे खलाशांचा आचारी म्हणून गेली होती. चार माणसांपुरता भात टाका म्हटलं की त्यांचा हात अडखळायचा. पाणी किती, मीठ किती, काही म्हणून सुचायचं नाही. त्यामुळे त्यांच्या बायकोनं त्यांना चुलीपाशी फिरकायला बंदीच केली होती. पण चाची कधी आजारी पडल्या किंवा माहेरी गेल्या, की चाचा कंबर कसून मोठं तपेलं चढवायचे, आणि त्या दिवशी महाडातल्या आमच्या अख्ख्या आळीला चूल पेटवायची गरज पडत नसे. जेवण तयार झालं की ते ओट्यावर येऊन पितळी थाळी पळीनं बडवायचे. कुणी आलं नाही तर घरात शिरून हाताला धरून न्यायचे. "मास्तर, घंटा झाली! ऐकू नाय आली?" मी पडलो शाळामास्तर. घंटा झाली की मुकाट उठायचं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. स्वयंपाकघर त्यांचं, पण आमच्या दारातून सगळं दिसायचं. तिथल्या प्रत्येक फळीला पुढून एक लाकडी पट्टी ठोकलेली होती आणि प्रत्येक डब्याचं झाकण सुतळीनं करकचून बांधलेलं. हळद हवी असली तरी चाचींना आधी गाठ सोडावी लागे. बोट हलते, डबे पडतात, हे मला कळत होतं. पण महाड काही हलत नव्हतं. मी नवा भाडेकरू, त्यातून मास्तर, म्हणजे न विचारता शहाणपण शिकवायचा परवाना खिशातच. मी म्हटलं, "चाचा, इथं कुठं लाटा येतात?"

चाचा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "येत नाय म्हणून तर इथं ऱ्हातो, मास्तर."

मला तो विनोद वाटला. मी चांगला खो खो हसलो.

आता माझ्या अकलेचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मी शाळेत भूगोल शिकवत असे. भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे, खाड्या आणि भूशिरं असं सगळं मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवायचो. मुलं तोंडात बोट घालून बघत राहायची. आणि समुद्र? समुद्र मी जन्मात पाहिलेला नव्हता. आमचं गाव माणदेशातलं. तिथं विहिरीला पाणी लागलं तरी लोक पेढे वाटतात. आमच्याकडे कोकण म्हटलं की नारळ आणि समुद्र, मधे दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नाही. माझ्याही नव्हतं. महाडला नेमणूक झाली तेव्हा मी नकाशा काढून बघितला. महाड आणि समुद्र यांच्यात माझ्या करंगळीच्या नखाएवढं अंतर होतं.

त्या नखाच्या भरवशावर मी मुलगी बघायला गेलो तेव्हा ऐटीत सांगितलं, "समुद्र काय, आमच्या दारातच आहे. खिडकी उघडली की समोर." सासरे खूश झाले. माझ्या होणाऱ्या बायकोनं तोवर मान वर केली नव्हती, ती या वाक्याला केली. पुढे तिनं मला सांगितलं, की स्थळं दोन होती; दुसरा मुलगा सरकारी कचेरीतला आणि दिसायलाही बरा होता. मी समुद्रावर निवडून आलो होतो.

लग्न होऊन ती महाडला आली. गाडीतून उतरली, चहूकडे बघितलं. समोर डोंगर, मागे डोंगर, मधे भातखाचरं, आणि खाली सावित्री नदी. तिनं हळूच विचारलं, "अहो, कुठं आहे?"

"जरा पलीकडे," मी म्हटलं. ते जरा पलीकडे आमच्या संसारात तीन वर्षं टिकलं. आज परीक्षा, उद्या तपासणी, परवा पाऊस. एकदा मी तिला नदीवर घेऊन गेलो. भरतीचं पाणी सावित्रीतून वर चढत महाडाजवळ येतं, ते दाखवलं आणि म्हटलं, "हे बघ, हे समुद्राचंच पाणी." तिनं वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "गोडं आहे." त्यावर मी तिला चंद्राचं गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं. ती बिचारी ऐकूनही घेत होती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ती सणासुदीला माहेरी जायची तेव्हा तिथं तिला बायका घेरायच्या. तिची आई विचारायची, "कसा असतो गं समुद्र?" आणि नवऱ्याची फजिती नको म्हणून ही सांगायची, "रोज संध्याकाळी जातो आम्ही. पाय बुडवून बसतो." लाटा कशा येतात, वाळू कशी पायाखालून सरकते, सगळं मनानं रचून सांगायची. तिच्या गावात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे खपत होतं. मला हे समजलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. थाप मी मारली होती आणि ती पोर तिच्यावर मजले चढवत बसली होती.

आणि तेवढ्यात मला माझ्या तालुक्यातल्या शाळेत जागा मिळाली. दिवाळीची सुट्टी संपली की वरंध्याच्या घाटानं बिऱ्हाड वर हलवायचं ठरलं. मी आनंदात. ही मात्र गप्प. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाली, "आता कायमचं तिकडं जायचं. आई रोज विचारेल. एकदा तरी मला खराखुरा दाखवा हो. नाहीतर जन्मभर मी आईशी खोटं बोललेली राहीन." डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजही चढलेला नव्हता, म्हणून मी जास्तच घाबरलो.

मी तडक चाचांकडे गेलो. कारण आमच्या आळीत कुणालाही गाव सोडून कुठं जायचं असलं, वरात असो की कोर्टाची तारीख, की बेत आखायचे ते चाचा. त्यांचा जगाचा नकाशा म्हणजे एक लांबलचक पंगत होती. एडन म्हटलं की रोटी बरी. पोर्ट सैदचा कांदा गोड. लंडनला उपाशी मरायची पाळी. पण गंमत अशी, की इतकं जग फिरलेल्या या माणसाच्या बोलण्यात पाणी म्हणून कधी येत नसे. ऐकणाऱ्याला वाटावं, चाचा एडनला एस.टी.नं गेले होते. आणि आता पोलादपूरच्या पुढं ते स्वतः पाऊल टाकत नसत.

मी म्हटलं, "चाचा, हिला घेऊन दोन दिवस रत्नागिरीला जावं म्हणतो." समुद्राचं कारण काही मी सांगितलं नाही. भूगोलाच्या मास्तरानं कुठल्या तोंडानं सांगायचं?

चाचांचा चेहरा उजळला. मांडी घालून बसले. म्हणाले, "सफरीचे दोन पाय असतात, मास्तर. एक खाणं, दुसरा गाणं. एकावर उभं ऱ्हायलं तर माणूस लंगडतो." आणि बेत सुरू झाला. सकाळी घावणे कुठं खायचे, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं कुणाच्या हातचं, सुरमई कुठल्या खानावळीत, सोलाची कढी जेवणाच्या आधी नाही, नंतरच. संध्याकाळी देवळात कीर्तन. "मी बाहेर उभा ऱ्हाऊन ऐकलंय. बुवांचा गळा, वा! पण पोट अर्धं ठेवून बसायचं. भरल्या पोटी माणूस गाणं ऐकत नाय, पचवतो." दुसऱ्या दिवशी ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी कोंडून ठेवलं होतं तो वाडा. "पुढनं बघायचा. मागल्या अंगाला जायचं नाय. तिकडं रान हाय, साप हाय."

मी कागद काढला तर त्यांनी तो बाजूला सारला. "लिवलेलं हरवतं. पाठ करा." आणि त्यांनी मला ओट्यावर उभं करून सगळं म्हणून घेतलं. चुकलो की पहिल्यापासून. माझ्याच वर्गातली चार पोरं समोरच्या कट्ट्यावर बसून ऐकत होती. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

दारात उभ्या बायकोनं मधेच विचारलं, "चाचा, आणि समुद्र?"

चाचा उठले, ओट्यावरची थाळी उचलून आत ठेवायला निघाले. जाता जाता म्हणाले, "वेळ उरला तर बघा गो." पण बेत असा ठासून भरला होता की वेळ उरायला जागाच नव्हती. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

निघालो. पोलादपूरला गाडी थांबली. चाचांचा नियम होता: पोलादपूरला उतरायचं, पाय मोकळे करायचे, पण तोंडात काही टाकायचं नाही, कारण पुढं कशेडीचा घाट आहे. पण तिथं गरम भजी तळली जात होती, आणि मी म्हटलं, हा म्हातारा काय आपला बाप लागून गेला? बायको नको नको म्हणत असताना मी भरपूर भजी हाणली. पुढं कशेडीच्या तिसऱ्या वळणावर मला ती सगळी पुन्हा बघावी लागली. कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली, सगळी गाडी माझ्याकडे बघत होती, आणि पुढच्या बाकावरची एक म्हातारी आपुलकीनं म्हणाली, "पयल्यांदाच घरचं सोडलंस वाटतं, बाबा?"

त्या घाटात माझी चाचांवर श्रद्धा बसली. यापुढे ते सांगतील त्याच्या बाहेर बोटभर जायचं नाही, असं मी ठरवलं. आणि खरा घात तिथंच झाला.

रत्नागिरीत दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी बेत म्हणत चालू लागलो. देवळाकडून डावीकडे, पिंपळ, त्याच्या समोर खानावळ. पिंपळ होता. समोर सायकलींचं दुकान होतं. आता माझ्या जागी शहाणा माणूस असता तर पुढे गेला असता. मी आत गेलो आणि चाकाला वंगण देत बसलेल्या माणसाला विचारलं, "सुरमई आहे का?"

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "कुठच्या सालातली माहिती घेऊन आलात? ती खानावळवाली बाई महायुद्धाच्या आधीच गेली."

चाचांची रत्नागिरी वीसएक वर्षं शिळी होती. तरी मी पिंपळाखाली उभाच. दुसरीकडे जेवायचं चाचांनी सांगितलेलं नव्हतं ना! शेवटी बायकोच मला एका घरगुती खानावळीत घेऊन गेली. सुरमई, तिसऱ्या, कढी, सगळं मिळालं. देशावरची पोर, पण तिनं काटे असे सफाईनं बाजूला काढले की वाढणाऱ्या बाईनं तिला आणखी एक तुकडी वाढली. माझ्या घशात पहिल्याच घासाला काटा गेला, आणि बाकीचं जेवण मी कोरड्या भाताचे गोळे गिळण्यात घालवलं. कीर्तनाला मी पोट अर्धं ठेवून बसलो खरा, पण शेजारच्या एका अनोळखी गृहस्थाच्या खांद्यावर मान टाकून झोपलो. उठलो तेव्हा आरती चालू होती आणि ते गृहस्थ एकाच हातानं टाळी वाजवायचा प्रयत्न करत होते.

तिसऱ्या दिवशी वाडा. पुढून बघितला. मोठा होता. "मागे काय आहे?" बायकोनं विचारलं.

"साप."

"वारा बघा कसा येतोय मागून. गार. मागेच असेल हो तो."

"चाचांनी नको म्हटलंय," मी म्हटलं. भज्यांची आठवण ताजी होती. आज मला माहीत आहे, की त्या वाड्याच्या मागच्या बाजूनं खाडी आणि समुद्र स्वच्छ दिसतो. तेव्हा आम्ही पुढूनच परत फिरलो.

परतीच्या गाडीला थोडा वेळ होता. स्टँडवर तिनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आता चला. कुणाला तरी विचारा, कुठं आहे."

भूगोलाचा मास्तर, आणि समुद्र कुठं आहे ते रस्त्यात विचारणार? मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? समुद्र पश्चिमेला." आणि ऐटीत निघालो. सूर्य डोक्यावर. पश्चिम कुठली ते काही केल्या समजेना, पण थांबलो तर ते तिला कळणार, म्हणून मी वेग वाढवला. चढ लागला. घरं संपली, लाल माती आणि गवत सुरू झालं. ती मागून धापा टाकत येत होती. शेवटी एका ठिकाणी जमीन एकदम तुटली आणि खाली पाणी चकाकलं. मी हात पसरून ओरडलो, "बघ!"

ती काठावर आली. ती चिऱ्याची खाण होती. दगड काढून झालेले, खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं, आणि त्यात दोन म्हशी बसलेल्या.

तिनं बराच वेळ बघितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हाच का?"

त्यानंतर ती पार महाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. घाटात मला पुन्हा मळमळलं तेव्हा तिनं लिंबू काढून दिलं, पण तेही तोंड न वळवता.

घरी पोचलो तर चाचा ओट्यावर वाटच बघत होते. "काय मास्तर, सुरमई कशी होती? बुवांनी काय लावलं होतं?"

बायको थांबली. "चाचा, समुद्र नाही बघायला मिळाला," म्हणाली आणि आत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज यायला लागला. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा ऐकला.

चाचांच्या तोंडून निसटलं, "बरं झालं."

झालं! माझं डोकंच फिरलं. पश्चिम मला सापडली नव्हती, पण गुन्हेगार सापडला. मी आळीला ऐकू जाईल अशा आवाजात चाचांना वाटेल ते बोललो. "तुम्ही मुद्दाम केलंत! मागे साप म्हणे! तुम्हाला नाही बघायचा तर नका बघू, दुसऱ्यांना कशाला अडवता?" चाचांनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग ते घरात गेले. त्या दिवशी त्यांचं दार दिवेलागणीलाच बंद झालं.

दुसऱ्या दिवशी चाची आमच्याकडे आल्या. हिच्याजवळ बसल्या, हिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या चाचाचा धाकटा भाऊ होता. इथं शेतीत रमत नव्हता. यानंच त्याला बोटीवर लावून घेतला, भट्टीत कोळसा मारायला. लगीन ठरलं होतं त्याचं. मोठ्या लढाईत बोट फुटली. हा निघाला पाण्यातनं, तो नाय निघाला. सासूबाई मरेपर्यंत याला विचारायच्या, तू नेलास, तू आण. तवापासून हा तिकडं जात नाय, आणि कुणाच्या पोराला जाऊ देत नाय. तू तर त्याला लेकीच्या जागी. तुला तो धाडील का गो तिकडं?"

मी आतल्या खोलीत वह्या तपासायचं सोंग करत होतो. पेन कधी खाली ठेवलं ते आठवत नाही. मला माझी लाज वाटली. मग हिनं चाचींना आपलं सांगितलं: माहेर, आई, पाय बुडवून बसणं, सगळं.

संध्याकाळी चाचा स्वतः आले. मी उठून उभा राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच गप्प केलं. ते हिच्यापुढं बसले. "आईला काय काय सांगितलंस गो? मला सांग."

ती लाजली. मग सांगू लागली. पाणी निळं असतं, वाळू मऊ असते, संध्याकाळी सूर्य त्यात बुडतो. आणि रात्री समुद्र झोपतो, आवाज करत नाही.

चाचांनी मान हलवली. "ते खोटं हाय. रातचाच जास्त करतो तो." तीन वर्षांत त्यांच्या तोंडून समुद्र कसा असतो याबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मग ते उठले. "आईशी खोटं बोलू नये. परवा दासगावास्नं लाँच सुटंल, ओहोटीबरोबर. मी येतो संगती."

"बेत काय चाचा? खायचं काय घ्यायचं?" मी आपला विचारून गेलो.

"बेत नाय," ते म्हणाले. "जायचं."

लाँचवर पाय ठेवताना चाचांनी डोळे मिटून घेतले होते. पण पाय पडल्याबरोबर त्यांचे गुडघे आपोआप बोटीच्या हेलकाव्याशी जुळले. मी मात्र कोलमडून एका कोळणीच्या टोपलीत बसलो, आणि तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चाचा महाडकडे तोंड करून बसले. खाडी रुंद होत गेली तसे ते कमी कमी बोलायला लागले. मी ओहोटीचं शास्त्र समजावून वातावरण हलकं करायला गेलो, तर बायको म्हणाली, "अहो, गप बसा." मी गप बसलो.

खाडीच्या तोंडाशी, बाणकोटला उतरलो आणि थोडं चाललो. खाडी संपली, आणि तो समोर आला.

मी काय सांगू? फळ्यावर मी जो काढत होतो तो हा नव्हता. माझ्या हातात रंगीत खडू देणाऱ्याला आधी शिक्षा करायला हवी होती. बायकोनं चपला तिथंच काढल्या. पदर खोचला आणि ती सरळ चालत निघाली.

चाचा वाळू सुरू होते तिथंच थांबले होते. समुद्राकडे पाठ, तोंड डोंगराकडे. दोन्ही मुठी आवळलेल्या.

"मास्तर, पोर कुठं हाय?"

"पाण्यापाशी आहे, चाचा."

"किती आत?"

"पाऊल भिजतंय."

"घोट्याच्या वर नको म्हणावं." मग जरा थांबून, "दिसते ना?"

"दिसते."

"डोळं हलवू नका तिच्यावरनं. दिसते ना?"

"दिसते, चाचा." लाट फुटली की ते विचारायचे आणि मी सांगायचो. समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, पण माझं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. मी नुसता तिच्या लुगड्याचा हिरवा रंग धरून उभा होतो. माझी नजर हटली तर या माणसाचं काय होईल, याची मला खरोखर भीती वाटत होती.

ती परत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चेहरा नुसता फुललेला. चाचांच्या समोर जाऊन उभी राहिली. चाचांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं कुणी हरवलेलं माणूस मोजून बघावं, हात, पाय, सगळं जागच्या जागी आहे ना.

"बघितलास?"

"बघितला."

"मोठा हाय ना?"

"फार मोठा आहे, चाचा." मग तिनं विचारलं, "तुमच्या भावाचं नाव काय होतं?"

मला वाटलं, आता हा माणूस कोसळतो. चाचांचे ओठ हलले, पण नाव उमटलं नाही. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा सांगितलं. या वेळी स्पष्ट आलं. ती ते नाव एकदा स्वतःशी म्हणाली. मग चाचांच्या कडेला आली, त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांच्यासारखीच डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. ज्या समुद्रासाठी ती तीन वर्षं थांबली होती, खोटं बोलली होती, रडली होती, त्याच्याकडे तिनं पाठ केली आणि पुन्हा एकदाही वळून पाहिलं नाही.

त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो तो मी एकटा. बरं झालं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तिकडून बघायला कुणी नव्हतं.